खल इकडे, वाफा तिकडे

"पानं द्यायची असतील तर दे, नाहीतर नाही म्हण. कुंपणाशी ताटकळत उभी राहायला मला वेळ नाही," सिस्टर म्हणाली.

सिस्टर म्हणजे घरातली थोरली सून. उभा जन्म नर्सची नोकरी केली, म्हणून घरचेही तिला सिस्टरच म्हणत. कुंपणापलीकडे, बेसिलच्या, म्हणजे परदेशी तुळशीच्या वाफ्यात, धाकटी जाऊ कमरेवर हात ठेवून उभी होती. घराची वाटणी झाल्यापासून चार वर्षांत दोघींनी पहिल्यांदाच एकमेकींशी तोंड उघडलं होतं, तेही भांडायला.

"आज बरी आठवण झाली वाफ्याची!"

"माझ्यासाठी नाही मागत. आईंसाठी मागतेय."

सासूबाईंनी तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. आज पोटात काही गेलं नाही तर उद्या नाकातून नळी, असं डॉक्टर सकाळीच बजावून गेले होते. सिस्टरने नळ्या शेकड्यांनी घातल्या होत्या. पण सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला होता. "नळी नको. तू तर घालूच नकोस." खायला काय देऊ विचारलं, की एकच धोशा: पेस्तो, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी. हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्यांनी आयुष्यभर तोच तर केला होता.

आता दोघा भावांचं शहाणपण बघा. वाटणीत त्यांनी चमचेसुद्धा मोजून निम्मे केले. आईचा दगडी खल आला थोरल्याकडे, बेसिलचा वाफा गेला धाकट्याकडे. एकावाचून दुसरं फुकट, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही! परवा सिस्टरने बाजारातली मलूल पानं खलात कुटली, म्हातारीने थुंकली. काल धाकटीने ताजी पानं मिक्सरमधून काढून नवऱ्याच्या हाती पाठवली; मिक्सर तापून ती काळी, कडवट झाली. म्हातारीने तीही थुंकली.

"देते," धाकटी म्हणाली, "पण कुटणार मी. तुमच्या हातांना औषधांचा वास येतो."

"खल माझा आहे."

"मग कुटा त्यात दगड!"

सिस्टरने ओठ चावला आणि फाटक उघडलं.

धाकटी टोपली घेऊन आली. सिस्टरने पान उचलून बघितलं. "ओली आणलीस? अगं, पाणी राहिलं तर लगदा होईल." तिने एकेक पान फडक्याने टिपलं. धाकटीने जाड्या मिठाबरोबर लसूण वाटला, मग मूठमूठ पानं टाकली.

"आपटू नकोस. कडेने घासत फिरव."

"मला शिकवू नका. आईंनी शिकवलंय. तुम्ही ड्यूटीवर असायचात, त्यांच्याजवळ मीच असायचे."

सिस्टरला ते झोंबलं. खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"आणि अंथरुणाला खिळल्यावर? तेव्हा कोण होतं? वर्षभर त्यांचं सगळं मी काढतेय. तू एकदा तरी डोकावलीस?"

"तुम्ही येऊ दिलंत?"

सिस्टरने तेलाची बाटली पुढे ओढली. धाकटीने डोळे दंडाला पुसले, चिलगोज्याच्या बिया घातल्या, चीज किसून घातलं, आणि तेलाची धार सिस्टरने सोडली. खलात हिरवागार गोळा जमला.

सिस्टरने सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं. धाकटीने चमचा पुढे केला. म्हातारीने घास तोंडात घोळवला. घास गिळला गेला.

"मीठ जास्त."

"हिनं घातलं!" सिस्टर म्हणाली.

"यांनी चाखून का नाही बघितलं?" धाकटी म्हणाली.

म्हातारीने पुन्हा तोंड उघडलं. चार चमचे गेले, पाचवा अर्धा. मग तिने मान वळवली आणि तिला झोप लागली.

धाकटीने दारात चपला सरकवल्या. "उद्या अकराला येईन. आईंसाठी. तुमचं तोंड बघायला नाही."

"बोलावलंय कुणी? आणि पानं कोरडी आण."

सिस्टर आत आली. झोपलेल्या सासूबाईंच्या ओठांच्या कडेला हिरवा ठिपका राहिला होता. अशी हजार तोंडं तिने पुसली होती. सवयीने तिने फडकं उचललं, जवळ नेलं, आणि तसंच घडी करून ठेवून दिलं.