चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

माझे सासरे बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले आणि तेव्हापासून त्यांना घासायला-पुसायला सतत काहीतरी लागतं. इथे परदेशात, गिरावीनच्या आमच्या घरात आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी सगळे नळ चकचकीत केले, दुसऱ्या महिन्यात देव, समई आणि आमच्या लेकीच्या, ओवीच्या, सायकलची घंटी. तिसऱ्या महिन्यात त्यांना माझं गॅरेज सापडलं.

गॅरेजमध्ये माझा वेगळा संसार आहे. मी क्लबच्या रेंजवर लांब पल्ल्याचं टार्गेट शूटिंग करते आणि काडतुसं स्वतः भरते. बंदूक आणि दारू कुलपात असते, किल्ली माझ्याकडे. बाहेर टेबलावर असतात त्या नुसत्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या. एकच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते, पण दर वेळी तिचा गळा जरा कडक होत जातो, आणि मग गोळी कधी वर जाते, कधी खाली. म्हणून तो गळा क्षणभर आचेवर धरून मऊ करायचा. फक्त गळाच, कारण बूड तापलं की पुंगळी बाद. नीट तापवलेल्या गळ्याभोवती निळसर-तपकिरी पट्टा उमटतो, तीच झाल्याची खूण.

माझ्या नवऱ्याला, हृषीकेशला, हा नाद फारसा पसंत नाही. माझी आई तर तिच्या मैत्रिणींना मी बॅडमिंटन खेळते असं सांगते. एकटे बाबा, म्हणजे माझे सासरे, दर रविवारी दारातच विचारतात, ‘‘काय गं, आज दहाचे किती नेम लागले?’’ माझा बाबांवर फार जीव आहे. सासूबाई गेल्यापासून पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच असतात. दिवाळीपर्यंत इथे राहा, असं आम्ही त्यांच्याकडून हो-ना करत कबूल करून घेतलं होतं.

ऑगस्टच्या स्पर्धेतले पहिले तीन क्लबच्या संघात जाणार होते. त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी मी अर्ध्या पुंगळ्या तापवून डाव्या ट्रेमध्ये ठेवल्या, उरलेल्या तशाच उजव्या ट्रेमध्ये. शनिवारी सकाळी ओवीला स्विमिंगला सोडून परत आले, तर मागच्या अंगणात टॉवेलवर सगळ्या पुंगळ्या उन्हात लखलखत होत्या. शेजारी बाबा, बाह्या वर केलेल्या, समोर चिंचेच्या कोळाचं भांडं.

‘‘काळ्या पडल्या होत्या गं निम्म्या! चिंच आणि मीठ. बघ, सोनं झालंय नुसतं.’’

पट्टे गेले होते. डाव्या-उजव्या सगळ्या एकत्र झाल्या होत्या. आणि माझं डोकं फिरलं.

‘‘बाबा, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? आता झालेल्या कुठल्या आणि राहिलेल्या कुठल्या? उद्या मॅच आहे माझी! कशाला दर वेळी सगळ्याला हात लावता?’’

ते ‘दर वेळी’ तोंडातून निघालं आणि लगेच माझं मलाच कसंतरी झालं. बाबांनी भांडं धुतलं, बाह्या खाली केल्या आणि आत गेले.

अकराच्या चहाला ते हृषीकेशला म्हणाले, ‘‘पुढच्या आठवड्यातलं तिकीट मिळतंय का बघ. सोसायटीची मीटिंग आहे.’’

मीटिंग-बिटिंग काही नाही, हे लहान ओवीलाही कळलं. मी सॉरी म्हणाले, तर बाबा म्हणाले, ‘‘छे छे, तुझं बरोबरच आहे. दुसऱ्याच्या घरात माणसाने जरा बेतानं राहावं.’’ दुसऱ्याच्या! यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता सगळ्याच पुंगळ्या पुन्हा तापवायच्या, एवढाच मार्ग होता. झालेल्या पुन्हा तापल्या तर काही बिघडत नाही. मी बाबांच्या खोलीचं दार वाजवलं.

‘‘बाबा, ड्रिल धरायला माणूस हवाय.’’

‘‘हृषीकेशला सांग.’’

‘‘तो दोन मिनिटांत फोन बघायला लागतो.’’

हे त्यांना पटलं. गॅरेजचं शटर खाली ओढून आम्ही अंधार केला, म्हणजे गळ्याचा रंग दिसतो. ड्रिलला लावलेली पुंगळी बाबांनी ज्योतीत फिरवायची, मी ‘पुरे’ म्हटलं की ट्रेमध्ये टाकायची. पहिली त्यांनी इतकी भाजली की ती बाद म्हणून मला पकडीने चेपून टाकावी लागली. दुसरी घाबरून आधीच ओढून घेतली. मी ओरडले. तिसरीला ते माझ्यावर ओरडले, ‘‘अगं, पुरे जरा लवकर म्हण की!’’ मग मात्र आमची लय जमली. ‘‘आजोबा, लंच इज गेटिंग कोल्ड’’पासून ‘‘डिनर इज गेटिंग कोल्ड’’पर्यंत ओवी हाका मारून दमली.

‘‘हा काळा पट्टा आता राहू द्यायचा ना?’’ शेवटी बाबांनी विचारलं.

‘‘राहू द्यायचा.’’

पण तिकिटाबद्दल ते काही बोलले नाहीत.

रविवारी ते माझ्याबरोबर रेंजवर आले, आवाज अडवणारे इअरमफ कानांवर चढवून मागे घडीच्या खुर्चीत बसले. माझ्या झळझळीत पुंगळ्या पाहून शेजारच्या जागेवरचा म्हातारा ग्रॅहम म्हणाला, ‘‘मेट, आर यू शूटिंग देम ऑर वेअरिंग देम?’’

मी एका पॉइंटने चौथी आले.

संघातली जागा गेली. मला रडू येत होतं, पण बाबांचा चेहरा माझ्याहून पडला होता. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ‘‘चिंचेमुळे झालं का गं?’’

‘‘नाही बाबा. शेवटच्या शॉटला वारा फिरला. वाऱ्याचा झेंडा बघण्यात मी चुकले.’’

‘‘खरं सांग. उगाच माझी समजूत घालू नकोस.’’

‘‘बाबा, मी तुमच्यावर ओरडायला घाबरते का? चिंचेची चूक असती तर तिथेच, ग्रॅहमसमोर ओरडले असते.’’

बाबांनी यावर नीट विचार केला. मग मान डोलावली आणि हसायला लागले. हसता हसताच खिशातून फोन काढला.

‘‘हृषी, ते तिकीट राहू दे. दिवाळीनंतरच बघू.’’

पलीकडून हृषीकेशने मीटिंगचं काय, असं विचारलं असणार.

‘‘सोसायटीवाले भांडतील माझ्याशिवाय. इथे हिला ओरडायला घरात हक्काचं कुणीतरी नको का?’’

मला समोरची काच धूसर दिसायला लागली. मी ओरडले, ‘‘बाबा, आधी सीटबेल्ट लावा!’’