फेकायचे ग्लास

"गरम का गार?" घोडेगावच्या दुकानात सोपानशेठनं विचारलं.

"गार. सरबत."

"मग हा." काचेसारखा लखलखीत, पण बोटानं दाबला की आत जाणारा. "ह्यात चहा मातर वतू नका, राव. खालीच बसतो. चहाला हा दुधी. दिसाया गबाळा, पण टिकतो. आन् माझं ऐकाल तर हे कडक प्लास्टिकचे न्या. आपटला तरी फुटत न्हाय. धुतला की परत कपाटात."

धुतला की परत कपाटात. कपिलला नेमकं तेच नको होतं.

"फेकायचाच द्या," तो म्हणाला. "पावणे लई हायेत. धुवायला कोण बसतंय?"

पाहुणे दोनच होते.

*

खरं कारण.

महाळुंगे पडवळला कपिलनं नवं घर बांधलं. सकाळी बुद्धवंदना झाली, भावकी जेवून गेली. संध्याकाळी कचेरीतला भरत आणि त्याची बायको अश्विनी निमगाव साव्याहून येणार होते. भरत माणूस चांगला. जमीनदार घरातला, पण कपिलच्या डब्यात हात घालतो. अर्थात डबा कचेरीत. घरात मात्र—

मागं जुन्या घरी एक साहेब आले होते. स्टीलच्या पेल्यातला चहा पुढं केला, तर म्हणाले, उपास आहे. उपासाला चहा चालत नाही हे कपिलनं पहिल्यांदाच ऐकलं.

भरतही असंच काही म्हणाला तर?

त्यापेक्षा ती वेळच येऊ नये. आधी कुणी न वापरलेला, नंतर कुणी न वापरायचा ग्लास. त्यात कुणाचं काही नाही.

असं त्यानं स्वतःला सांगितलं. आईला नाही. द्रौपदाबाई उमेदीत बागायतदारांच्या शेतावर खुरपायला जायची. तिचा चहाचा कप त्यांच्या गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा, पालथा असायचा. पिऊन झाला की तिनंच विसळून तिथं ठेवायचा.

तिला काय सांगणार?

*

"सरबत नको, भाऊजी," अश्विनी आल्या आल्या म्हणाली. "घसा धरलाय. चहाच टाका."

चहा झाला. कप ओट्यावर होते. हाताशी होते.

कपिलनं लखलखीत ग्लासांत ओतला.

ट्रे बाहेर पोहोचेपर्यंत ग्लासांनी माना टाकल्या. भरतनं एक उचलला, तो हातातच चेपला. अर्धा चहा पँटवर, अर्धा फरशीवर.

"आयला, कपिलराव! घरी बोलवून भाजता व्हय?" भरत हसत उठला.

अश्विनी तडक स्वयंपाकघरात. पातेल्यात चहा उरला होता. तिनं मांडणीवरचा पेला काढला.

"वहिनी, तो नको! तो घरचाय!"

मागोमाग आलेला कपिल बोलून गेला.

"मग?" अश्विनी म्हणाली. पेला तिच्या हातात तसाच.

मग काही नाही. मग, म्हणजे, तुम्हाला चालेल का म्हणून. म्हणजे तुमच्यासाठी मुद्दाम. म्हणजे—

यातलं एकही तोंडातून निघालं नाही. बाहेर भरतचं हसणं थांबलं होतं. तो पँट पुसत होता, कोरडी झालेली जागासुद्धा.

द्रौपदाबाई दाराशी येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"घरचाच हाय, बाई. वत त्यात," ती अश्विनीला म्हणाली. मग कपिलकडं वळून, हळू आवाजात: "आपल्या घरात बी येगळा ठिवलास व्हय रं?"

"आई, मी सोय म्हणून..."

"त्यो गोठ्यातला कप बी सोयीचाच व्हता, लेका."

अश्विनीनं पेला भरला, नवऱ्याला नेऊन दिला.

भरत पितोय, की नुसता ओठाला लावतोय? कळायला कपिलनं मान वर करायला हवी होती. तो फडकं घेऊन बाहेरच्या फरशीवर बसला आणि सांडलेला चहा पुसू लागला. फरशी स्वच्छ झाली तरी फडकं फिरत राहिलं. डोक्यावर अश्विनी आईला विचारत होती, "मावशी, ह्यात गवती चहा घातलाय का हो?" आणि आई परसातला गवती चहा कसा माजलाय ते सांगत होती, अगदी नेहमीच्या आवाजात. त्या आवाजानंच त्याला वर बघवेना.