अडीच फुटांचं मूळ

रविवारी सकाळी मोशीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जो तो हातात बरणी घेऊन उभा. कुणाची लोणच्याची, कुणाची जामची. बरणीतल्या पाण्यात काळी, रबरासारखी, गाठी पडलेली दोरी तरंगत होती. हे म्हणे व्याधीचं मूळ! मूळकाढे महाराजांचं चूर्ण तीन रात्री घ्यायचं, चौथ्या सकाळी व्याधी मुळासकट संडासात पडते. ती धुऊन बरणीत घालायची आणि नातवाचा फोटो दाखवावा तशी चारचौघांत दाखवायची.

"डॉक्टर काय करतो? नळी घालतो!" महाराज माइकवर गरजले. "आम्ही काय करतो? मूळ काढतो! पोट तुमचं, चूर्ण आमचं, मग व्याधी कुणाची? कुणाचीच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग महाराजांनी हुकमाचा एक्का काढला. "या उद्धवराव, अनुभव सांगा."

उद्धवराव राहायला काळेवाडीत, कामाला चाकणच्या एका कंपनीत, बावीस वर्षं क्वालिटी खात्यात. पार्टवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी नापासाचा लाल टॅग लावणारा माणूस. दोन महिने शौचातून रक्त जात होतं. चूर्ण घेतलं, मूळ पडलं, चार दिवस रक्त दिसलं नाही. मग या गृहस्थांनी काय करावं? मुळाला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला!

"लांबी अडीच फूट," त्यांनी ऐटीत सांगितलं. "जाडी अकरा मिलिमीटर. मी स्वतः मोजलंय."

"क्वालिटीवाला माणूस सांगतोय राव!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मूळ किती लांब आहे ते बरोबर मोजलं होतं. ते आहे कशाचं, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं.

गर्दीत त्यांचा शिफ्टमधला जोडीदार भिवाही होता, मूळचा मोशीचाच. त्यालाही रक्त जात होतं, वर पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडावी लागली होती इतका वाळला होता. मंगळवारी त्याची दवाखान्यात दुर्बिणीची तपासणी ठरली होती. उद्धवराव खाली उतरले तेव्हा भिवाने त्यांचे हातच धरले. "लई उपकार झालं. आता कशाला जातोय तिकडं नळी घालून घ्यायला?" त्याने तिथूनच फोन करून तारीख रद्द केली. उद्धवरावांना त्या वेळी फार धन्य वाटलं.

बुधवारी पुन्हा रक्त पडलं. उद्धवरावांनी घाबरून ग्लासात चूर्ण कालवलं आणि पहिल्या शिफ्टची बस चुकेल म्हणून तो तसाच ओट्यावर टाकून पळाले. संध्याकाळी घरी आले तर बायको यशोदाबाई ग्लास उपडा धरून उभ्या. ग्लासातून काही सांडत नव्हतं. त्यांनी तो आपटला, तसा काळा रबरी गोळा ताटात पडला, थेट ग्लासाच्या आकाराचा.

"अहो," यशोदाबाई म्हणाल्या, "या ग्लासाचीपण व्याधी निघाली बघा!"

त्यांची मुलगी तनुजा नर्स. तिने गोळा बोटाने दाबला, चूर्णाची पुडी उघडून पाहिली. "पप्पा, हे इसबगोल आहे. पाणी पिऊन फुगतं. त्यात चिकणमाती घातलीय आणि कोळशाची पूड. आतड्यातून जाताना आतड्याचा आकार घेतं. कुणीही प्यालं तरी मूळ पडणारच."

उद्धवरावांनी बरणीतलं मूळ काढून त्या गोळ्याशेजारी ठेवलं. मापाचं जे गेज प्रत्येक पार्टला नापास करतं, ते गेजच खराब, हे ते दर नव्या पोराला शिकवायचे. इथे सगळ्या गावाला मूळ पडत होतं, आणि शंका म्हणून आली नाही! असला शहाणा शोधून सापडायचा नाही.

तनुजाने तपासणीला नेलंच. आतड्यात वाटाण्याएवढी गाठ निघाली, ती त्याच वेळी काढली. अजून कॅन्सर झालेला नव्हता. राहू दिली असती तर होण्याच्या वाटेवर होती.

उद्धवराव तडक भिवाकडे गेले. भिवा चूर्ण ढवळत होता. "तुमीच तर मापं सांगितली स्टेजवर," तो म्हणाला. "आता न्हाई म्हनता व्हय? मला न्हाई पटत." कितीही सांगा, ढिम्म हलेना.

ज्या तोंडाने घोळ घातला, त्याच तोंडाने तो निस्तरायला हवा होता.

पुढच्या रविवारी महाराजांनी कौतुकाने एक्का पुढे केला. एक्क्याने पिशवीतून बागेला पाणी घालायच्या पाइपाचा तुकडा काढला, मागून काठी सारली आणि सगळ्यांच्या देखत लांबलचक काळं मूळ बाहेर आलं. उद्धवरावांनी खिशातून व्हर्नियर काढला.

"जाडी बारा मिलिमीटर. हे पाइपाचं मूळ. काल रात्री इसबगोल, माती आणि कोळसा कालवून माझ्या लेकीने भरलं. आता याची व्याधी गेली असेल, नाही का?"

शेडमध्ये खसखस पिकली. महाराज "माइक बंद करा" म्हणून ओरडले. उद्धवराव माइकशिवाय बोलू लागले.

"मी नळीला भ्यालो, लोक हसतील म्हणून लाजलो. सांगतो, काय होतं ते. आदल्या दिवशी औषध पाजतात, मग रात्रभर संडास आणि आपण. मागून उघडा झगा घालतात, अब्रू झाकायला एकच नाडी. सुई देतात, झोप लागते. उठलो तेव्हा गाठ निघालेली होती. संपलं! एवढ्यासाठी मी जीव घालवणार होतो, आणि..." त्यांनी गर्दीतल्या भिवाकडे बोट केलं. "आणि भिवा, तुझाही."

भिवा उठला, बरणी तिथेच ठेवून बाहेर गेला.

त्या आठवड्यात दवाखान्यातून त्याचा फोन आला. "उद्धवराव, एक नाडी म्हनला व्हता. हितं तीबी तुटल्याली हाय!" उद्धवराव हसले आणि हसता हसता रडले. भिवाची गाठ मोठी निघाली. ऑपरेशन झालं, वेळेत झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर परवडला नसता. वाया गेलेल्या तेवढ्या दिवसांचा हिशेब उद्धवराव अजून स्वतःकडे मागतात.

आता कॅन्टीनमध्ये ताटं वाढली जात असतानाच ते हा विषय काढतात. लोक तोंड वाकडं करतात, भिवा शेजारी बसून नाडीची गोष्ट रंगवतो, आणि उद्धवराव शेवटी तेच सांगतात. "बाहेरून चकाचक दिसतो म्हणून मी एकही पार्ट पास केला नाही. स्वतःला मात्र न तपासता पास केलं. तुम्ही करू नका. रक्त दिसलं तर आजच जा. नसलं, तरी पंचेचाळिशी उलटली की डॉक्टरांना विचारून तपासून घ्या. आणि कुणी पोटातून मूळ काढून दाखवलं, तर आधी त्याचं चूर्ण ग्लासाला पाजून बघा."