कोमिसारिओ साहेबांची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. उरुग्वे नदीकाठच्या एका लहान शहरात, शिंप्याच्या दुकानात माझा जन्म झाला. निळे कापड आणि पुढे सोनेरी जरीची पाने. अशी टोपी फक्त कोमिसारिओला, म्हणजे पोलिसांच्या मोठ्या साहेबाला मिळते. माझ्या साहेबांचे नाव अन्सेल्मो बेर्रुती.

अकरा वर्षे मी त्यांच्या डोक्यावर मिरवले. चौकातून निघालो की लोक उठून उभे राहत. मला वाटे, हा मान माझाच!

साहेब निवृत्त झाले आणि मी खुंटीवर गेले. एके दिवशी टीव्ही मालिकावाले आले. त्यांना खरीखुरी टोपी हवी होती. साहेब हरखून गेले. "न्या, न्या! कोमिसारिओ कसा असतो ते कळू दे लोकांना." तीन महिने एका नटाने मला घातले. मग मी घरी परतले आणि मालिका सुरू झाली.

मालिकेतला कोमिसारिओ बड्या लोकांची प्रकरणे टेबलाच्या खणात दडपायचा. बेकरीवाला तितो साहेबांना पाहताच ओरडे, "काय साहेब, आज कुणाची फाइल खणात?" सगळे खो-खो हसत. साहेब पाव न घेताच परतत.

"अहो, थट्टा करतात ते. कशाला मनावर घेता?" त्यांच्या पत्नी नेलिदाबाई म्हणाल्या.

साहेबांच्या हातातला माते, म्हणजे तिकडचा कडू चहा, पार निवून गेला. मग ते म्हणाले, "थट्टा कसली गं? सुलेमाचं प्रकरण मी खणातच ठेवलं होतं."

सुलेमाच्या नवऱ्याला गिरणीमालकाच्या मुलाने मोटारीखाली चिरडले होते. दोन वर्षे ती दर सोमवारी ठाण्यात येऊन बसे. साहेबांना वरून फोन आला होता. ते तिला सांगत, "चौकशी चालू आहे." तेव्हाही मी त्यांच्या डोक्यावरच होते, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी मला काखेत धरून साहेब सुलेमाच्या दारी गेले. ती कपडे पिळत होती. त्यांनी सगळे कबूल केले. "मी कोर्टात लिहून देतो, बाई. माझ्या नावानिशी."

"तो गिरणीवाल्याचा मुलगा गेल्या वर्षी मेला, साहेब. आता कुणाला धरणार?" ती म्हणाली. "तेव्हाच 'होणार नाही' म्हणाला असतात, तर मी यायची थांबले असते. त्या खेपांपायी माझी नोकरी गेली हो." तिने पिळलेली चादर दोरीवर टाकली. "टोपी घाला नि जा. ऊन लागतंय."

साहेबांनी मला घातले नाही. कोर्टात मात्र लिहून दिले. त्याचे पुढे काहीच झाले नाही. त्याच वर्षी हिवाळ्यात ते वारले. नेलिदाबाईंना मला शवपेटीवर ठेवायचे होते, पण साहेबांनीच आधी बजावले होते, "ती नको."

आता मी ट्रंकेत आहे. कसर लागली आहे, लागू द्या. मला जपा, असे मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे साहेब झालात आणि कुणी न्याय मागायला आले, तर त्याला ताटकळत ठेवू नका. जमणार नसेल, तर तेवढे तरी त्याच्या तोंडावर सांगा.