झाकणी असंल तर विस्तव

बेळगुंदीत विस्तव मागायला आलेल्या बाईला रिकाम्या हातानं परत पाठवणं म्हणजे तहानलेल्याला पाणी नाकारण्याइतकं पाप. नागुबाईनं ते पाप त्या चैत्रात रोज सकाळी केलं, तेही उंबऱ्यात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

लढाईचे दिवस होते. काडेपेटी दुकानातून गायब झालेली. नागुबाईच्या चुलीतला विस्तव मात्र राखेखाली बारा महिने जिवंत असायचा. सासूनं घालून दिलेली रीत. उजाडलं की बाया यायच्या, फुटक्या मडक्याच्या खापरीत चार निखारे घ्यायच्या आणि तशाच उघड्यावरनं घरी जायच्या. वर पिंजराची, म्हणजे भाताच्या वाळक्या काडाची छपरं, अंगावर चैत्राचा वारा आणि हातात लाल निखारा! आजवर असंच चालत आलं, म्हणून तेच बरोबर.

गेल्या चैत्रात पाटलीण मनुबाई अशीच खापरी घेऊन चालली होती. ठिणगी उडाली ती जयाबाईच्या छपरावर. जयाबाई ही नागुबाईची धाकटी जाऊ. तिनं तान्हं पोर जळत्या घरातून ओढून काढलं. पोर वाचलं, तिची बोटं मात्र कायमची आखडली. गाव म्हणालं, देवीचा कोप. पाटलाच्या घराचं नाव घेण्यापेक्षा देवीचं घेणं सोपं. देवी काही भांडायला येत नाही.

नागुबाई होती ना भांडायला! यंदा तिनं सांगून टाकलं, "झाकणीचं मडकं आणा, मग न्या पायजे तेवढा. उघड्या खापरीत निखारा घालणार न्हाय."

बाया कुरकुरल्या, तरी तिघीचौघींनी मडकी आणली. मनुबाई मुद्दाम खापरीच घेऊन आली.

"पाटलाच्या घराला बी झाकणी व्हय गं?"

"वारा पाटील-बिटील वळखत न्हाय, वैनी."

मनुबाई पाय आपटत गेली, आणि दुपारीच चावडीवरनं बोलावणं आलं. आण्णाप्पा पाटील माणसं जमवून बसले होते.

"नागू, तुझ्या गुणाचं लगीन वैशाखात हाय. उद्यापासनं मागंल तिला विस्तव दे. न्हायतर तुझ्या मांडवाची मेढ रोवायला गावातलं कोण येणार न्हाय."

नवरा गेल्यावर नागुबाईनं एकुलत्या एका पोरीकडं बघून दिवस काढलेले, आणि तिच्याच लग्नाला मांडव सुना राहायचा. बाजूला उभी जयाबाई कुजबुजली, "दे, आक्का. माझी बोटं काय परत येणार हाईत व्हय?"

हे ऐकलं आणि नागुबाईच्या डोक्यात तिडीक गेली. ती तडक घरी निघाली. बाई वरमली, असं सगळ्यांना वाटलं. थोड्या वेळात ती परत आली, ती काठोकाठ भरलेली उघडी खापरी घेऊन.

"पयला मान पाटलांचा," ती म्हणाली. "आण्णा, तुमच्या घरी म्या सोता नेऊन देतो. गंजीजवळनं वाट हाय, तिकडनंच जातो."

चावडीला लागूनच पाटलांची पिंजराची गंजी, घराएवढी. वारा तर धोतरं उडवत होता. नागुबाईचे पाय थांबले नाहीत. गंजी अजून वीस पावलं लांब होती, तोच एक ठिणगी उडाली आणि धुळीत विझली. आण्णाप्पा ताडकन उठले. पटका खाली पडला तरी भान नाही.

"अगं ए! थांब! झाक ते आधी!"

नागुबाई वळली.

"काय म्हणालासा, आण्णा? जरा मोठ्यानं सांगा, मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाय."

"झाक म्हणालो की!"

नागुबाईनं पदराआडून झाकणी काढली आणि खापरीवर ठेवली. "म्या बी तेवढंच म्हणत हुतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाई दारात उभी. हातात कोरं मडकं, वर झाकणी, नजर खाली. "मेढीला आमचं गडी येतील," ती पुटपुटली.

नागुबाईनं मडकं भरलं. झाकणी मात्र तिनं शेजारी बसलेल्या जयाबाईच्या पुढ्यात सरकवली. जयाबाईनं आखडलेल्या बोटांनी ती उचलली. निसटली. परत उचलली, परत निसटली. मनुबाईनं मदतीला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे, वैनी," नागुबाई म्हणाली. "तुम्ही नुसतं बघा."

झाकणी नीट बसेपर्यंत मनुबाई बघत उभी राहिली.