चोरून आणलेला वेल

अनिता लोणावळ्यात शिक्षिका म्हणून आली, तेव्हा तिने सोबतचा मनी प्लांट जिन्याच्या वळणावर ठेवला. भाड्याच्या खोलीत उजेड कमी होता. महिन्याभरात वेलाची पानं कमी होताहेत असं तिला वाटू लागलं. आधी माकडांचा संशय आला. पण माकड ओरबाडतं. इथे देठ कात्रीने कापल्यासारखे साफ होते. आपलंच काही चुकतंय का, हे पाहायला तिने पानं मोजली. रविवारी एकोणीस होती, बुधवारी सतरा.

गुरुवारी शाळा लवकर सुटली. घरी येऊन पाहते तर जिन्यात घरमालक आदिनाथभाऊ कुंडीवर वाकलेले. रेल्वेतून निवृत्त झालेला, बुद्धविहारात अंधश्रद्धेविरुद्ध तळमळीने बोलणारा माणूस. तिला पाहताच त्यांनी हात खिशात घातला, उद्या पाणी येणार नाही असं सांगितलं आणि खाली गेले. खिशातून पानाचं टोक डोकावत होतं.

अनिताला काही उमगेना. मागितलं असतं तर तिने अर्धा वेल दिला असता. संध्याकाळी तिने एक फांदी कापली, बाटलीत घातली आणि खाली नेली. भाऊ बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोने, लीलाबाईंनी, बाटलीला हातसुद्धा लावला नाही.

"नगं बाई. दिलेला लागत न्हाई. मनी प्लांट चोरूनच आणावा लागतो."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. मुलीने, तेजलने, तळेगावात घर घेतलं होतं. तिथे आपल्या हातचा वेल द्यायचा होता. भाऊ आठवडाभर नाही म्हणत होते, शेवटी कात्री घेऊन वर गेले. तुमच्या वेलाला इजा नको म्हणून एकेकच पान आणतात, म्हणाल्या. खिडकीत सात बाटल्या होत्या, प्रत्येकीत एक पिवळं पडत चाललेलं पान.

नुसत्या पानाचा वेल होत नाही, अनिताने समजावलं. पान जिथून फुटतं ते खोडाचं पेर पाण्यात बुडायला हवं. मुळं तिथूनच येतात.

"मग हे त्यांना सांगा," लीलाबाई म्हणाल्या. "चोरत्यात ते."

आता हे सांगायचं कसं? सकाळी भाऊ जिन्यात भेटले, तेव्हा ती कुंडीला पाणी घालता घालता म्हणाली, की पेराच्या बोटभर खाली कापलं तर बरं असतं. मला कशाला सांगताय, असं विचारून भाऊ चपलांकडे पाहत राहिले. सहजच, ती म्हणाली. रविवारी ती कामशेतहून बाजार करून परतली, तर वेल वीतभर आखूड झाला होता. काप पेराच्या बरोबर बोटभर खाली.

तीन आठवड्यांनी लीलाबाईंनी तिला मुळं बघायला बोलावलं. बाटलीत पांढरी, जाड मुळं फुटली होती. बायको चहा टाकायला आत गेली, तसा भाऊंनी पेपर खाली ठेवला.

"मॅडम, वेल तुमचा आहे. पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण सांगितलं असतं तर तुम्ही दिलाच असता, आणि ही दिलेला घेत नाही. आता ही सगळ्यांना सांगणार, चोरला म्हणून लागला. विहारात मी कुठल्या तोंडाने बोलू?"

"पण भाऊ, तो पेरामुळे लागला."

"ते मला कळतं. हिला सांगा."

"काय सांगायचंय मला?" लीलाबाई कप घेऊन दारात उभ्या होत्या.

अनिताने भाऊंकडे पाहिलं. भाऊ बाटलीकडे पाहत होते. बोलावं की बोलू नये, तिला ठरवता येईना.

"पाणी," ती म्हणाली, "आठवड्याला बदलत जा."