दोन कोरे पट्टे

आप्पांनी घोणशीचं डोकं अंगठा आणि दोन बोटांत धरलं आणि पेल्याच्या तोंडावर ताणून बांधलेल्या पातळ रबरावर तिचे दात टेकवले.

"चावा मावशी. संकोच नको."

मावशी चावल्या. पिवळसर थेंब काचेवरून ओघळले. एकतीस वर्षं सर्पकेंद्रात विष काढूनही आप्पांना एकदाही दंश झाला नव्हता. सापसुद्धा ह्यांच्या बडबडीला कंटाळून तोंड मिटून घेतात, असं बायकोचं मत होतं. शनिवारी ते निवृत्त होणार होते. संचालकांचं सत्काराचं भाषण तयार होतं. त्यात 'निष्कलंक' हा शब्द तीनदा येतो, एवढी चौकशी आप्पांनी करून ठेवली होती.

दारात त्यांची मुलगी येऊन उभी राहिली. ती इथल्याच प्रयोगशाळेत होती. आप्पांनी काढलेलं विष घोड्यांना थोडंथोडं टोचून प्रतिविष तयार होई. ते प्रतिविष विषातली कुठली प्रथिनं ओळखतं आणि कुठली नाही, हे ती तपासायची.

"अहवाल झाला का गं?"

"चाललंय."

"तीन दिवस? एवढ्यात मावशींची कात टाकून होते."

ती हसली नाही. आप्पांनी मावशींना पेटीत सोडलं, कडी लावली, हात धुतले आणि ओला हात पुढे केला. तिने फायलीतला कागद काढून दिला.

कागदावर प्रथिनांचे पट्टे होते. मोठ्या घोणशींच्या विषाचे सगळे गडद. शेजारी, दुसऱ्या केंद्राने पाठवलेल्या पिल्लांच्या विषाचे. त्यांतले दोन कोरे.

"कोरे म्हणजे?"

"प्रतिविषानं ओळखलंच नाही. थोरामोठ्यांना वाकून नमस्कार करतंय, आणि पोरंटोरं समोरून गेली तरी ढिम्म."

"आणि पिल्लू चावलेला माणूस?"

"त्याचा डोस वाढवत राहायचा. आणि वाट बघायची."

आप्पा स्टुलावर बसले.

"खरं तर सगळ्या वयांचं विष मिसळायचा नियम आहे," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तुमच्या नोंदीतही 'लहान-मोठी' असंच आहे. म्हणून मी कारण 'अज्ञात' लिहिलंय."

"पेन्सिलीएवढी असतात गं ती," आप्पा म्हणाले. "एका थेंबासाठी मान आवळायची. मी तशीच ठेवून द्यायचो, आणि लिहायचं ते लिहायचो."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"बोटाला कुसळ लागलं तरी तुम्ही घरी दोन दिवस त्याचं कीर्तन करता. पिल्लांबद्दल एवढ्या वर्षांत एक अक्षर नाही."

"मग शनिवारनंतर सांगणार होतीस?"

"शनिवारनंतरही नाही."

आप्पांनी तिच्या खिशातलं पेन काढून घेतलं, 'अज्ञात'वर रेघ मारली आणि सावकाश लिहिलं: विष काढणाऱ्याने पिल्लं वगळली. खाली सही केली, तारीख घातली.

"आप्पा, शनिवारी…"

"भाषण आटोपशीर होईल. लोक दुवा देतील."

ते उठले आणि भिंतीकडेची खालची पेटी टेबलावर आणली. आत सात-आठ वेटोळी होती, बांगडीपेक्षाही लहान.

"चष्मा चढव. ये."

ती हलली नाही. अकरा वर्षं ती ह्या इमारतीत होती. आप्पांनी तिला कधी रिकाम्या पेटीलाही हात लावू दिला नव्हता.

"माझी बोटं जाड झालीत," ते म्हणाले. "ह्यांची मान सापडत नाही मला. उद्या दुसरं कोणीतरी येईल, त्याला शिकवायला इथे कोणीतरी हवं."

त्यांनी साप उचलायच्या आकड्याने एक पिल्लू टेबलावरच्या मऊ गादीवर दाबून धरलं आणि तिची बोटं स्वतःच्या हाताने एकेक जागेवर बसवली. मग आपला हात काढून घेतला. पिल्लाने रबर चावलं. काचेवर मोहरीएवढा थेंब आला.

आप्पांची नजर थेंबावर नव्हती, पिल्लावरही नव्हती. तिच्या अंगठ्यावर होती.

"सैल धरू नकोस," ते म्हणाले. "जीव तुटेल. पण सैल धरू नकोस."